भट्टीची माती, भिलाईची रीत

मायं गाव वैनगंगेच्या पल्याड, भंडारा जिल्ह्यातलं, धानाचं गाव, नाव सांगून काय करता, आता तिथं मले ओळखणारं कोणी उरलं नाही आन् ज्याईनं ओळखाले पायजे होतं त्याईनं तवाच ओळख सोडली. मायं नाव सुगंधा. बापानं मोठ्या हौसेनं ठेवलं, पण गावात त्या नावानं कोणी हाक मारली नाही, अमक्याची पोट्टी, तमक्याची बायको, इतकंच. सुगंधाबाई मी भिलाईत झाली, आन् थेही चुलीपायी झाली. लोकं म्हणतात कारखान्यानं भिलाई वसवली. हाव, वसवली, मी कुठं नाही म्हणते, पण कारखाना उभा करणारी मानसं सकाळी काय खाऊन जात होती आन् थे कोणत्या चुलीवर शिजत होतं, हे कोणी इचारत नाही. तुमी इचारून राहिल्या म्हणून सांगते ताई. बसा अशा भितीले टेकून, लंबी गोष्ट आहे.

नागपूरले दीक्षा झाली तवा आमचा सारा मोहल्ला गेल्ता. मी बी गेल्ती, लगन होऊन थोडेच दिवस झाल्ते, पांढरं लुगडं नेसून गेली आन् वापस आली तं आमच्या लोकाईनं ठरवलं का आता मेलेलं ढोर ओढाचं नाही, दवंडी द्याची नाही, कोणाच्या दारात भाकर मांगाले उभं राहाचं नाही. बस. पाटलानं वावरातलं काम बंद केलं, दुकानदारानं मीठ देणं बंद केलं, इहिरीचं पाणी तं आदीच बंद होतं. माया घरवाला, किसन नाव त्याचं, म्हणे भिलाईले मोठा कारखाना बांधून राहिले, तिथं कोणी जात पाहत नाही, हात पाहतात. गोंदियावरून पासिंजरमधी बसलो. एक गठोडं होतं आन् एक जातं. थो म्हणे जातं कायले घेते वो एवढं भारी, मी म्हटलं हात पाहतात नं तिथं, मंग दळल्याबिगर हातात ताकद कुठून येईन. डोक्यावर जातं घेऊन उतरली मी भिलाईत.

काय सांगू तुमाले तवाची भिलाई. आता जिथं पावर हाउसचा बजार आहे, माणसाले माणूस घासते, तिथं तवा लाल मुरूम आन् धूळ. नेहरू नगर कायचं, बोरीची झुडपं होती. आमाले मजुराईच्या कॅम्पात बांबूच्या तट्ट्याची झोपडी भेटली, अशा लायनीच्या लायनी होत्या, एका लायनीत तेलगू, पंजाबी, उडिया, इथलेच छत्तीसगढी, आन् आमचे भंडाऱ्याकडचे. कोणाची भाषा कोणाले समजत नव्हती आन् काम सारेच करून राहिले होते. किसन खलाशी लागला एका ठेकेदाराकडं, लोखंडी पाइप चढवाले-उतरवाले, मी रेजा, म्हणजे बाईमजूर, डोक्यावर घमेलं. आन् सामनेच्या झोपडीत कोण आलं तं पार्वताबाई. आमच्याच नदीच्या अल्याडच्या गावची, कुणब्याची, मायापेक्षा मोठी, आवाज असा का लायनीच्या त्या टोकाले आयकू जाये. पयल्याच दिवशी मले म्हणे, कोणाची वो तू. मी सांगतलं. तिनं लगेच आपल्या पाण्याच्या गुंडावर झाकण ठेवलं. हात पाहतात म्हणे. हातच पाहिले तिनं माये, दुसरं काय.

आता चुलीचं सांगते. गावात आमी लाकडं जाळत होतो, गोवऱ्या जाळत होतो. तांबडी माती, धानाचा कोंडा, थोडं शेण, असं तुडवून चूल घातली का बरसात काढत होती थे. भिलाईत लाकूड कुठून आणता. तिथं दगडी कोळसा. चुलीत लोखंडाच्या सळ्या टाकाच्या, त्याच्यावर कोळसा, आन् थो एकदा पेटला का त्याची आग अशी का चुलीचं तोंडच फाटे. आज लिपली, परवा तडकली, मंग पुन्हा लिपा. कधी गंजातला भात अर्धा शिजला आन् गंजासकट चूल बसली. साऱ्या लायनीत सकाळी हेच, बाया माती तुडवून राहिल्या आन् माणसं भोंगा वाजाच्या आधी काई भेटन म्हणून ताट घेऊन बसून राहिले. पार्वताबाई तं चुलीले अशा शिव्या देये का चुलीच्या जागी मी असती तं गाव सोडलं असतं.

मंग किसनचा पाय गेला. गेला म्हणजे तुटला नाही, पायावर पाइप पडला, हाड मोडलं, पलस्तर घालून खाटेवर. ठेकेदार म्हणे बरा झाला का ये, तोवर कायचा पगार. आन् मी पोटुशी, घमेलं उचलणं बंद झालं. हे गावात कोणी सांगतलं माईत नाही, पण किसनचे मोठे भाऊ, माये भासरे, आले घ्याले. भासरे वाईट नव्हते, भ्याले होते. गावात राहून राहून त्याईचा कणा वाकला होता. म्हणे चाल सुगंधा, पाटलाशी बोललो मी, थो म्हणते माफी मांगा, जुनी कामं करा, वावरात घेतो. किसन खाटेवर पडल्या पडल्या भितीकडं पाहत राहिला. मी पदर डोक्यावर घेतला, भासऱ्याच्या सामने बोलत नाही आमच्यात, पण त्या दिवशी बोलली. म्हटलं दादा, पोटात जे आहे थे ढोर ओढासाठी नाही आणत मी. म्हणे मंग खासान काय. म्हटलं खानावळ घालतो. तोंडातून निंगून गेलं ताई. माया मनात बी नव्हतं त्याच्या आधी. भासरे म्हणे तुया हातचं खाईन कोण. म्हणे थंडी सरली का पुन्हा येतो, तवाही असंच असन तं दोघाईलेही घेऊन जाईन, मंग काई आयकणार नाही. थंडी सरेपर्यंतची मुदत भेटली मले.

खानावळ घातली. आले दोन-चार पोट्टे, आमच्याच समाजाचे, बाकी लायनीतून कोणी नाही. तेलगू लोकाईले माईत नव्हतं मी कोण, त्याईतले एक-दोघं आले, पण पार्वताबाईनं लगेच माईत करून देल्लं. तिचं तोंड म्हणजे दवंडीच, आमी सोडलेली दवंडी तिनं धरली. मले राग काय कमी होता. पण रागानं भात शिजत नाही, आन् चूल तं तडकतच होती, पोट्टे म्हणत मावशी भोंगा वाजला, आमी चाललो, उपाशी जात होते बिचारे.

दसरा आला जवळ. दसरा म्हणजे आमच्या दीक्षेचा दिवस, पयलाच इथला. गावात असती तं घर पांढऱ्या मातीनं पोतारलं असतं, पोतारणं म्हणजे फडकं मातीच्या पाण्यात बुडवाचं आन् भितीवरून फिरवाचं, घर कसं उजळून निंगते. आमच्या भागात तळ्याच्या काठाले निंगते थे माती, सण आला का साऱ्या बाया टोपलं घेऊन जातात. मी म्हटलं इथंही असनच कुठं. फिरत फिरत गेली तं कारखान्याच्या विटाच्या गोदामामागं खड्ड्यात ढीग पडला होता, पांढरा-राखाडी, ओला होऊन गोळे झाल्ते त्याचे. मले इतका आनंद झाला, म्हटलं माय वो, हुबेहूब आपल्या तळ्याकाठची माती आहे हे. चौकीदार छत्तीसगढी होता, त्याले इचारलं, थो म्हणे लेग जा दाई, सब्बो लेग जा, एला तो फेंकेच बर हे, म्हणजे ने माय सारी, हे फेकाचीच आहे. डोक्यावर वाहून वाहून आणली, पोटुशी असून. पार्वताबाई दारातून पाहे आन् म्हणे, खानावळवाली आता माती खाऊ घालून राहिली का.

आन् थे कायची पांढरी माती. भितीले पोतारली तं उजळाचं सोडून घर राखेवानी मयकट झालं, आन् वाळली तशी बदाबदा खाली. पोतेरं हातात घेऊन रडली मी ताई. पयला दसरा, घरवाला खाटेवर, भासऱ्याची मुदत डोक्यावर, आन् भित अशी. मंग राग आला. त्याच दिवशी तडकलेल्या चुलीसाठी घमेल्यात तांबडी माती कोंडा घालून तुडवून ठेवली होती, त्याच्यातच थे सारी उरलेली माती ओतली, म्हटलं जा तू चुलीत, आन् खरोखरच चुलीत घातली, आतून बाहेरून जाड थापली, मोजमाप नाही, काई नाही, हात रागात चालून राहिले होते. हात धुतले आन् इसरून गेली.

इसरून गेली हे खरंच सांगते. मले कळलंच नाही का चूल तडकून नाही राहिली. जवा एखादी गोष्ट दुखत नाही तवा तिच्याकडं कोण पाहते. पार्वताबाईनं पाहिलं. तिची नजर मायाच घरात राहे नं. एक दिवस दारातूनच, उंबरठ्याच्या तिकडून, म्हणे कावून वो, तुयी चूल कावून नाही तडकत. मी वळून पाहिलं. चूल अशी कडक, उलथन्यानं ठोकली तं खणखण वाजली, एक भेग नाही. मी बी चाट पडली, पण तिले कायले दाखवू, म्हटलं आमच्या हातच्या चुली असतातच अशा.

खरं काय थे एका सरदार मिस्त्रीनं सांगतलं. किसनचा पाय पाहाले आल्ता, मोठ्या भट्टीच्या आत विटा लावाचं काम होतं त्याचं. चहा पेत पेत त्याची नजर चुलीवर गेली, उठला, वाकला, बोटानं खरवडलं आन् असा हसला का कप सांडला. म्हणे बहनजी, ये तो फायरक्ले है, ये हम भट्टी के पेट में लगाते हैं, इसके अंदर लोहा पानी हो जाता है और इसको कुछ नहीं होता, तेरी रोटी इसका क्या बिगाड़ लेगी. गोदामातली पोती बरसातीत भिजून खराब झाल्ती थे फेकली होती, आन् मी तळ्याकाठची माती समजून आणली. किसन खाटेवरून हसला. पाय मोडल्यापासून पयल्यांदा हसला थो. म्हणे म्हणजे कारखान्याची भट्टी पेटाच्या आधी तुयी पेटली.

मंग काय इचारता. आधी तेलगू बाया आल्या, मंग छत्तीसगढी, उडिया. काई जणीनं खड्ड्यातली माती नेऊन आपलीच थापून पाहिली, पण नुसती माती भितीवानीच गळून पडे. कोंडा, तांबडी माती आन् थे, रागात जे एक झालं होतं थेच जमत होतं, आन् माया हाताले थो अंदाज बसून गेल्ता. सुगंधाबाई, चूल घालून द्या. सुगंधाबाई, आमची कधी. नाव आयकू याले लागलं मले माया नावानं. कोणी तांदूळ देत, कोणी लुगडं देल्लं, मी घेतलं, हातचं काम होतं मायं. पण पाहा, चूल घालून घेत होत्या, खानावळीत मात्र आमच्या पोट्ट्याईबिगर कोणी येत नव्हतं. माया हातची चूल चाले, माया हातचा भात चालत नव्हता. आन् थंडी तं अर्धी सरून गेल्ती.

अशात पार्वताबाईच्या पोरीले पाहाले पाहुणे येणार होते. आन् आदल्या दिवशी सकाळी तिची चूल बसली, पुरी बसली, मायासामनेच गंज गडगडत आंगणात आला. मी सुपात तांदूळ पाखडत राहिली. थोड्या टायमानं पार्वताबाई माया दारात येऊन उभी, उंबरठ्याच्या तिकडं. म्हणे उद्या मंडळी येऊन राहिली. म्हटलं हो का, बरं झालं. म्हणे दूरची मंडळी आहे, जेवाले राहतीन. म्हटलं राहू द्या नं मंग, पार्वताबाई, जेवाले वाढा. तोंडातून चूल शब्द निंगत नव्हता तिच्या. शेवटी म्हणे, येतं का वो. एवढंच.

चूल काई बाहेर घालून आत नेऊन ठेवाची चीज नाही, जिथं राहाची तिथंच घालावी लागते. म्हणजे तिच्या रांधणीत जावं लागलं. गेली मी. साऱ्या लायनीच्या बाया दारात उभ्या, पाहून राहिल्या. माती थापता थापता मले कोपऱ्यात तांब्या दिसला, वरून कडुनिंबाचा डगाळा ठेवलेला. वासावरूनच समजलं गोमूत्र आहे. मी बाहेर पडली का माया पायाच्या जागेवर शिंपडाले ठेवलेलं. मी तांब्या पाहिला हे पार्वताबाईनंही पाहिलं. मी चूल पुरी केली, बारीक काड्याईची आग लावून देल्ली सुकाले, आन् निंगता निंगता म्हटलं, पार्वताबाई, गरम चुलीवर वल्लं काई शिंपडू नका, भट्टीची माती आहे, फुटली तं मी जिम्मेदार नाही. घरी येऊन किसनले म्हटलं, त्या तांब्यानं मले आज पुरं शिजवलं.

सकाळी गेली चूल पाहाले. झकास सुकली होती. पार्वताबाई परातीत जवारीचं पीठ घेऊन बसली, तांब्या कोपऱ्यात तसाच. आन् मले काय झालं माईत नाही, मी म्हणाले गेल्ती का झाली तुमची चूल, येते मी, आन् तोंडातून निंगलं, सरका, पयली भाकर मी टाकीन. चूल घालणारी पयली भाकर टाकते आन् घरच्याईनं थे खाल्ल्याबिगर चुलीले दुसरं काई चढत नाही. पार्वताबाई म्हणे हे कुठची रीत वो, आपल्याकडं तं नाही. मी म्हटलं भिलाईची. म्हणे भिलाईची कायची रीत, भिलाई कालची. म्हटलं मंग रीतही कालचीच, गावच्या रीती गावाले ठेवा, इथं कारखाना नवा, भट्टी नवी, चूल नवी. नसन पटत तं सांगा, मायी माती मी काढून नेते. आन् उलथनं हातात घेतलं.

दारात बाया, रस्त्यात पाहुणे. पार्वताबाईनं मायाकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, आन् परात सरकवली. मी भाकर थापली ताई, आन् भाकर फुगली, अशी टम्म फुगली. तिच्या सामने ठेवली. तिनं पोरीले हाक नाही मारली, घरवाल्याले नाही मारली, सोताच तुकडा मोडला आन् खाल्ला. चावत राहिली. साऱ्या बाया तिच्या तोंडाकडं पाहून राहिल्या. मंग म्हणे, भाकर जाड आहे वो तुयी. मी म्हटलं उद्या पातळ टाकीन. थे हसली नाही, पण उठली, कोपऱ्यातला तांब्या उचलला आन् बाहेर नेऊन बोरीच्या बुडाशी ओतून आली. मंग पोरीले म्हणे, ये वो, खा, पाहुणे यायच्या आधी चुलीची रीत झाली पायजे.

पोरीचं जमलं. आन् पार्वताबाईचं तोंड, जे मायी बदनामी करत होतं, थेच आता लायनीच्या त्या टोकापर्यंत सांगे का पयली भाकर सुगंधाबाईच्याच हातची खाल्ली पायजे, नाही तं चूल लाभत नाही. रीत मी काढली, पण पसरवली तिनं. ज्या घरी चूल, त्या घरी मायी पयली भाकर. कुणबी, पवार, तेली, सारे. आन् एकदा बाईनं खाल्ली का माणसाले खानावळीत यायले कायची लाज. पंगती बसाले लागल्या माया दारात. पार्वताबाईचा घरवाला, डोमाजी भाऊ, पयल्या पंगतीत, म्हणे माया घरी शिव्या जास्त आन् भाजी कमी भेटते. पार्वताबाई दुपारी येऊन भाज्या निवडू लागे आन् मीठ किती टाकाचं याच्यावर मायासंगं रोज भांडे. उंबरठ्याच्या अल्याड बसून भांडे.

थंडी सरली आन् भासरे आले, बोलल्यापरमानं. माया मांडीवर पोरगी होती तवा, बाईस दिवसाचीही नसन. दुपारची पंगत बसली होती. भासऱ्यानं कुणबी मानसं पाहिली आन् चपला काढून दूर, कडुनिंबाच्या बुडाशी जाऊन बसले, सवयीनं, कोणी सांगतलं नव्हतं. मी ताट वाढलं, त्याईच्या सामने नेलं नाही, पंगतीत डोमाजी भाऊच्या बाजूले ठेवलं आन् म्हटलं दादा, पाट इकडं आहे. भासरे हालेच ना. डोमाजी भाऊ म्हणे या नं पाहुणे, वरण थंडं होते. आले, बसले. पयला घास घेतला आन् डोळ्यात पाणी आलं त्याईच्या, भाजी तिखट आहे म्हणे. भाजी दुधीची होती ताई. दुसऱ्या दिवशी एकटेच वापस गेले, आन् त्या साली गावात त्याईनं बी पाटलाचं काम सोडलं, मंग पोट्ट्याईले घेऊन इथंच आले. किसनचा पाय बरा झाला, जरासा लंगडे, पण प्लांटात परमनंट लागला थो आन् रिटायर होऊन, नातवंड पाहून गेला.

आता सारा गॅस आहे. चूल कोणी घालत नाही, थे माती बी कोणाले माईत नाही. पार्वताबाई जाऊन लय वर्सं झाली, भांडाले कोणी नाही मले. मागच्या महिन्यात तिचा नातू गाडी घेऊन आला, तिकडं दुर्गच्या पद्मनाभपुरात मोठं घर बांधलं त्यानं, म्हणे आजी, चाला, तुमच्याबिगर गॅस पेटत नाही. म्हटलं अरे गॅसले मायी माती थोडीच लागली. म्हणे थे मले माईत नाही, दादीनं सांगून ठेवलं होतं. गेली. काळा चकचकीत ओटा, चार तोंडाची शेगडी, हात लावाले भ्याव वाटे. त्याची नवी बायको, पोरगी गोड आहे, आपली भाषा समजते पण हिंदीच बोलते, तिनं मायासाठी खुर्ची आणली, पीठ मळून ठेवलं होतं. मी एक पोळी लाटली, वाकडी झाली, हात आता चालत नाही. थे पोरगी तिच्या मैतरणीले सांगून राहिली होती, ये हमारे यहाँ का बहुत पुराना रिवाज है, गाँव से चला आ रहा है, कितनी पीढ़ियों से.

मी आयकलं. बोलणार होती, मंग म्हटलं राहू दे. म्हटलं हो बाई, लय जुनी रीत आहे, सुखी राय, घर भरलं राहो तुयं. खा आता, पोळी थंडी होऊन राहिली.